पारखी सर

सोयरीक जुळवायची असेल तर मुलाला काही विचारण्यात अर्थ नसतो, हे मराठवाड्यात लहान पोरालाही माहीत आहे. मुलगा सांगणारच की मी निर्व्यसनी आहे. विचारायचं असतं शेजाऱ्याला. समोरच्या पानटपरीवाल्याला, किराणावाल्याला, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला. म्हणून लातूरच्या गंजगोलाईत सोनं बघायला जाण्याआधी मुलीचा एखादा मामा मुलाच्या गल्लीत 'सहज' चक्कर मारून येतो, उगाच दोनदा चहा पितो आणि रात्री घरी येऊन निकाल सांगतो.

आमच्या पारखी सरांनी सगळी विद्वत्ता याच चौकशीवर उभी केली आहे. फरक एवढाच की ते ज्या स्थळाची चौकशी करतात ते जेमतेम मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढं असतं. गाई-म्हशींची, शेळ्यांची बीजांडं हा सरांचा विषय. कोणत्या बीजांडातून पुढे वासरू होईल आणि कोणतं दोन दिवसांत राम म्हणेल, हे ते आधी ओळखू पाहतात. नांदेड आणि लातूरच्या मधल्या पट्ट्यात ते नेमके कुठे शिकवतात हे मी सांगणार नाही. या पट्ट्यात असे सर एकाहून अधिक आहेत, आणि त्यातला प्रत्येक जण हे माझ्यावरच लिहिलंय म्हणून फोन करील.

सरांची खूण सोपी आहे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, खिशाला न पुसणाऱ्या शाईचे दोन मार्कर आणि काखेत स्टीलचा थर्मास. या थर्मासाविषयी पुढे बोलायचं आहे. ओळख झाल्यावर सर तुमचं गाव विचारत नाहीत. "शेजारी कोण आहे?" असं विचारतात.

चहाच्या टपरीवर त्यांनी मला विषय समजावून दिला तो असा. "हे बघा, अंडं चांगलं की वाईट हे अंड्यालाच विचारायचं तर ते फोडावं लागतं. फोडलं की उत्तर मिळतं, अंडं जातं. मग त्या उत्तराचं काय लोणचं घालायचं? पण अंडं एकटं नसतं. त्याच्याभोवती क्युम्युलस नावाच्या पेशींची दाट वस्ती असते. अंड्याला साखर स्वतःला नीट वापरता येत नाही. या शेजारणी साखर फोडून पायरुवेट करून आत पोचवतात. अंडंही काही गप्प बसत नाही. जीडीएफ-९, बीएमपी-१५ अशी प्रथिनं बाहेर सोडून शेजारणींना कामाला लावतं. अंडं दमदार असलं की वस्तीत गडबड दिसते. रोगट असलं की वस्ती सुस्त. या पेशी एरवी आम्ही धुऊन टाकून देतो. मग टाकायच्या आधी त्यांनाच विचारलं तर काय बिघडलं?"

विचारायचं कसं, तेही त्यांनी सांगितलं. शरीरातल्या बहुतेक पेशींत जनुकं सगळी तीच असतात. प्रश्न असतो कोणतं जनुक कामाला लागलंय आणि किती, हा. याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. कामाला लागलेल्या जनुकाच्या आरएनएच्या प्रती पेशीत सापडतात, त्या मोजायच्या. ह्यूस्टनच्या संशोधकांनी २००४ साली माणसाच्या बीजांडांभोवतीच्या पेशींत तीन जनुकं अशी मोजली: हॅस-टू, पीटीजीएस-टू आणि ग्रेमलिन. चांगल्या गर्भांच्या बीजांडांभोवती ही तिन्ही जास्त कामाला लागलेली होती. क्यूबेकमधल्या लावाल विद्यापीठाच्या गटाने २००८ साली गाईच्या पेशींतल्या अशाच खुणा प्रसिद्ध केल्या. तेव्हापासून सर हॅस-टू आणि मंडळींची नावं घरच्या माणसांसारखी घेतात. एकदा मध्यरात्री प्रयोगशाळेतून ते "हॅस-टू! हॅस-टू!" असं ओरडत बाहेर आले, तेव्हा रखवालदार बिचारा झोपेतून उठून हसला. साहेबांचा हुकूम होता.

मोजणीचं यंत्र फेऱ्या-फेऱ्यांनी चालतं. दर फेरीला प्रती दुप्पट होतात, म्हणून जो नमुना एक फेरी आधी दिसतो त्यात मुळात माल दुप्पट होता. तीन फेऱ्या आधी दिसला तर आठपट. हे गणित सरांच्या डोक्यात इतकं भिनलंय की ते माणसांनाही फेऱ्यांत मोजतात. लग्नात पंगतीला पहिल्या फेरीत बसणारा आणि चौथ्या फेरीत बसणारा यांच्या भुकेत आठपट फरक असतो, असं ते गंभीरपणे सांगतात. माझा एक लेख मासिकात तीन महिने उशिरा लागला, तेव्हा त्यांनी पत्र पाठवलं: "अभिनंदन. एक अष्टमांश."

आरएनए फार नाजूक. माणसाच्या बोटावर, थुंकीत त्याला खाऊन टाकणारी द्रव्यं असतात. त्यामुळे टेबलाशी बसून बोलायचं नाही असा सरांचा स्वतःलाही नियम आहे. घरी आणि रस्त्यावर अखंड बोलणारा हा माणूस प्रयोगशाळेत तासन् तास मुका असतो. वहिनी म्हणतात, "त्यांच्या कामाला तेवढ्यासाठी तरी सरकारनं अनुदान देत राहावं." उन्हाळ्यात वीज गेली की उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरला पाठ लावून सर विजेच्या कार्यालयात फोन लावतात. दार कुणी उघडू नये म्हणून पाठ. आणि फोनवर फ्रीझरमध्ये काय आहे ते सांगत नाहीत, नुसतं "आत जीव आहे हो" म्हणतात. एकदा त्यामुळे वायरमनबरोबर पोलीसही आला.

आता थर्मास.

गाईची कत्तल राज्यात १९७६ च्या कायद्यानेच बंद झाली आणि २०१५ पासून बैलही त्यात आले. म्हणून सरांना अभ्यासाला अंडाशयं मिळतात ती म्हशीची किंवा शेळीची. कापलेल्या जनावराची अंडाशयं काही तासांच्या आत कोमट सलाईनमधून प्रयोगशाळेत पोचली पाहिजेत. म्हशीचा हात या बाबतीत आखडता. एका अंडाशयातून चांगल्या दर्जाचं एखाद-दुसरं बीजांड निघालं तरी सर दिवसभर खुशीत असतात. शेळी उस्मानाबादी असेल तर बरी. तेव्हा हा माळकरी माणूस, जो चतुर्थीच्या खिचडीतसुद्धा जिरं निवडून घेतो, पहाटे पाच वाजता खाटकाच्या दुकानापुढे थर्मास घेऊन उभा असतो. खाटीकमामा त्यांना ओळखतात. "सरांचं आधी काढा रे," असं म्हणून ते गिऱ्हाइकांना थांबवतात. गिऱ्हाईक बघत राहतं. पाव किलो नाही, अर्धा किलो नाही, हा माणूस नेमकं काय घेऊन चाललाय?

एकदा लोह्याहून एसटीने येताना शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी थर्मासाकडे बघून विचारलं, "च्या हाय का, महाराज?"

"नाही बाबा, ओव्हऱ्या आहेत."

बाबांनी माळेकडे पाहिलं, थर्मासाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले. "ओव्या? ज्ञानेश्वरीच्या?" मग त्यांनी थर्मासाच्या झाकणाला हात लावून तो कपाळाला लावला. अहमदपूर येईपर्यंत सरांनी खुलासा केला नाही. विज्ञानाला इतका मान पुन्हा कधी मिळणार, असं त्यांना वाटलं म्हणे.

हे चालू असताना सरांच्या थोरल्या मुलीला देगलूरकडचं स्थळ आलं. स्थळाची माणसं रीतीप्रमाणे गल्लीत 'सहज' येऊन गेली. निकाल मध्यस्थाकडून आठवड्याने कळला. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं: माणूस देवासारखा. माळकरी. वारीला जातो. पण पहाटे तोंड लपवून मटणाच्या दुकानी जातो, आणि भांड्यातून काहीतरी तांबडं घेऊन येतो. रक्त असंल. रात्री-बेरात्री कॉलेजात बसून त्याचं काय करतो ते देव जाणे. एकदा पोलीस पण आला होता.

वहिनींनी डोक्याला हात लावला. सर मात्र खुलले. आयुष्यभर ज्या पद्धतीवर शोधनिबंध लिहिले ती पद्धत आज प्रथमच त्यांच्यावर वापरली गेली होती. त्यांनी मध्यस्थाला समोर बसवलं. "किती शेजाऱ्यांना विचारलं?" दोघांना. "दोन म्हणजे काहीच नाही. प्रत्येकाला तीनदा विचारलं का? वेगवेगळ्या दिवशी? आणि संदर्भ कोणता धरला?"

मध्यस्थाला वाटलं संदर्भ म्हणजे ओळखीचा माणूस. तसं नव्हतं. एका नमुन्यात प्रतीच जास्त दिसल्या तर जनुक जोरात आहे की मुळात पेशीच जास्त घेतल्या गेल्या, हे कळायला एक असं जनुक सोबत मोजतात जे कुठल्याही परिस्थितीत सारखंच काम करतं. गल्लीतही असा एक शेजारी हवा, सरांचं म्हणणं, जो सगळ्यांविषयी सारखंच बोलतो. त्याच्या बोलण्याशी ताडून बाकीच्यांचं बोलणं वाचायचं. अशा एक काकू गल्लीत होत्याच. त्या लहानथोर, नवाजुना, जिवंत-मेलेला कुणाविषयीही एकसारखंच वाईट बोलतात. त्यांच्या मापात तसूभर बदल होत नाही. सरांनी त्यांची शिफारस केली. मध्यस्थ काकूंकडे जाऊन आला आणि घाबरून म्हणाला, "त्या तर तुमचं लई चांगलं सांगायल्यात!" कारण त्याच सकाळी वहिनींनी त्यांच्याकडे पुरणपोळी पाठवली होती. सरांनी मान हलवली. संदर्भ-जनुकांचंही असंच असतं म्हणाले, जीएपीडीएच सगळीकडे स्थिर म्हणून वापरतात, आणि नेमकं बीजांड पिकताना तेच हलतं.

शेवटी मुलाचे वडील स्वतः आले. शेळ्या पाळणारा माणूस. त्यांनी थर्मास उघडून पाहिला, आत काय आहे ते एका नजरेत ओळखलं, आणि "मंग जुळी कशी होतील ते सांगा" एवढाच प्रश्न केला. सरांनी त्यांना दोन तास फलटणला नेऊन आणलं, बसल्या जागेवरून. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढ्यांमधलं फेकबी नावाचं जनुक दख्खनी मेंढ्यांत आणलं, त्यातून 'नारी सुवर्णा' मेंढी झाली, आणि धनगराच्या कळपात जुळी कोकरं दिसायला लागली. "पण ते वेगळं," सर बोट वर करून म्हणाले, "तिथे जनुकातच बदल आहे. जन्मभर तोच राहतो, पिढीला जातो. माझं जे आहे ते आजचं. आज सकाळी या अंड्याची वस्ती कामाला लागली होती का, एवढंच." व्याह्यांनी मान डोलावली. सोयरीक जुळली. नंतर कळलं की मुलीनं मुलाला कॉलेजातच पसंत करून ठेवलं होतं, आणि ते स्थळ तिनेच फिरवून-फिरवून घरी आणवलं होतं. शेजाऱ्यांपैकी एकालाही याचा पत्ता नव्हता.

या गोष्टीनं सरांचा शास्त्रावरचा विश्वास कमी झाला असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सरांना ओळखत नाही. ते त्यांनी 'आवरणाच्या आतली माहिती' या सदरात टाकलं.

पारखी माणसाचा खरा रोग असा की त्याला पुढचं आजच कळलं पाहिजे. सर बीजांडांना सूक्ष्मदर्शकाखाली अ, ब, क, ड असे दर्जे देतात. भोवती शेजारणींचे चार-पाच थर, आतला गर एकसारखा, तर अ. शेजारणी विरळ तर क. उघडं पडलेलं ते ड. लातुरात आठवीतल्या पोरांचीही परीक्षा घेऊन त्यांना अशाच तुकड्यांत बसवतात, 'लातूर पॅटर्न'च्या गावात ते चालायचंच. सरांचा भाचा ड तुकडीत गेला तेव्हा सर बहिणीला धीर द्यायला गेले. म्हणाले, "ताई, काळजी करू नको. ड दर्जाच्या अंड्याचंसुद्धा कधी कधी ब्लास्टोसिस्ट होतं." बहीण रडायला लागली.

आणि तसं बघितलं तर यात सरांचा बचावही आहे. अ दर्जाचं म्हणून चोवीस तास साडेअडतीस अंशांवर पिकवलेलं, फलित केलेलं गाईचं बीजांडही सातव्या दिवसाच्या गर्भापर्यंत, म्हणजे त्या ब्लास्टोसिस्टपर्यंत, पोचतं ते चांगल्या प्रयोगशाळेत शंभरातलं तीस-चाळीस. म्हशीचं त्याहून कमी. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० साली जगातलं पहिलं परीक्षानळीतलं म्हशीचं पारडू जन्मलं, त्याचं नाव 'प्रथम'. इतकी वर्षं होऊनही निम्म्याहून जास्त बीजांडं वाटेतच का थांबतात, हा प्रश्न संपलेला नाही. गर्भ आठ-सोळा पेशींचा होईपर्यंत त्याची स्वतःची जनुकं जवळपास झोपलेलीच असतात. तोवर तो आईने बीजांडात आधीच साठवलेल्या आरएनएवर चालतो. तो साठा बाहेरून दिसत नाही. म्हणून शेजारणींची साक्ष. ती शंभर बीजांडांच्या घोळक्याविषयी बऱ्यापैकी खरी ठरते, समोरच्या एका बीजांडाविषयी नाही. शिवाय साक्ष वाचायला एक दिवस लागतो, तोवर बीजांडाचं लग्न उरकून गेलेलं असतं. सर हे कबूल करतात, पण हळू आवाजात.

त्यांना मोठ्या आवाजात उत्तर मिळालं ते हाळी-हंडरगुळीच्या बाजारात. विद्यार्थ्यांना देवणी जातीची गुरं आणि त्यांचे प्रकार दाखवायला ते तिथे गेले होते. वानेरा म्हणजे अंग पांढरं, तोंड काळं. बालंक्याच्या पोटाखाली काळे ठिपके. शेवेरा अंगभर पांढरा-काळा. हे सगळं चालू असताना एक म्हातारा दलाल एका वानेऱ्या गाईभोवती फिरत होता. त्याने दात पाहिले नाहीत, भोवरे मोजले नाहीत. पाठीवर उलटा हात फिरवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "हिचा मागला उन्हाळा उपाशी गेलाय. केस बघा, उभे हायत. औंदा भरवली तरी दोनदा उलटंल." उलटणं म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येणं.

सर पुढे झाले. "आबा, हे तुम्ही किती गाईंवर तपासून पाहिलंय?"

"तपासून? अवो मास्तर, गाय उलटली की गिऱ्हाईक शिव्या द्यायला माझ्याच दारी येतंय की."

सरांनी वही काढली. त्यांना एकदम वाटलं की हा माणूस आपलंच बोलतोय. बीजांड काही माजाच्या दिवशी तयार होत नाही, ते अंडाशयात कित्येक आठवडे आधीपासून वाढत असतं. त्या काळात गाय उपाशी असली, उन्हात तापली, तर त्याची खूण बीजांडावर राहते आणि दोन-तीन माजांनंतर बाहेर दिसते. प्रयोगशाळेत गाईची बीजांडं एकेचाळीस अंशांवर बारा तास ठेवली तरी पुढे गर्भ कमी होतात. "आबा, हे आम्ही सिद्ध केलंय!" सर आनंदाने म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "मंग सांगाया कामून आला न्हाईत?"

सरांच्या तोंडून शब्द फुटला नाही. टेबल जवळ नव्हतं, आरएनए नव्हता, तरी ते मुके झाले. विद्यार्थी सांगतात की परत येताना गाडीत त्यांनी एकदाही फेऱ्या मोजल्या नाहीत.

माझं मत विचाराल तर दलालाचा प्रश्न रास्त होता आणि सरांचं कामही रास्त आहे. गावरान लाल कंधारी, देवणी ऊन बऱ्यापैकी सोसतात. हाल होतात ते होल्स्टिन-जर्सीच्या संकरित गाईंचे आणि म्हशींचे. नांदेडात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या गोठ्यात त्याहून जास्त. मग जून-जुलैत गाय उलटली की डॉक्टर बदला, रेतनाची कांडी बदला, वळू बदला असं चालू होतं. बीजांड मे महिन्यातच बिघडलेलं असतं, पण मे महिन्याकडे कुणी बघत नाही. तेव्हा सरांच्या वतीने, त्यांनी सांगायचं राहून गेलं म्हणून, मी सांगतो. पत्र्यावर पाचट किंवा तुराट्या टाका, गोठ्याची एक बाजू वाऱ्याला मोकळी सोडा, पाणी दिवसभर पुढ्यात ठेवा, आणि हे सगळं मार्चातच करा.